हुकलेलं दादर

नम्रताच्या पोटात खरं दुखायला लागलं ते समुद्राच्या नावानं. तोवर तिनं पुष्कळ गिळलं होतं. धाकट्या जावेनं, मोनिकानं, भूगावला तीन बेडरूमचा फ्लॅट घेतला, ते गिळलं. त्याचे पेढे गिळले, वर ‘गोड हायेत’ असंही म्हणाली. पण रविवारी मोनिका माणला, सासरच्या जुन्या घरी आली, सासूच्या पायाशी फरशीवरच बसली आणि म्हणाली, “आई, येत्या शनिवारी तुम्हाला मुंबईला न्यायचंय. समुद्रावर. काही विचारायचं नाही, नुसतं तयार राहायचं.” आणि केशरबाईचे डोळे भरून आले.

“समुद्रावर?” केशरबाईनं पदर तोंडाला लावला. “पोरी, तुझ्या ध्यानात व्हतं व्हय?”

मोनिकाला वाटलं, म्हातारी हरखली. ती मूळची पिंपरीची, या घरात येऊन अजून पुरती मुरली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी असलेली नम्रता मात्र समजून चुकली. या घराला समुद्र ठाऊक होता तो एकच, दादरचा. सासरे गेणबा होते तेव्हा दर सहा डिसेंबरला माणमधनं ट्रक भरून निघायचा. बाबासाहेबांच्या चैत्यभूमीवर माथा टेकवायचा, शिवाजी पार्कात चटणी-भाकरी सोडायची आणि माघारी यायचं. गेणबा गेल्यावर सासूला घेऊन नम्रता जायला लागली. रांगेत पुढं केशरबाई आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं नम्रता, हे ठरलेलं. गेल्या डिसेंबरात केशरबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं दादर हुकलं. त्या दिवशी म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली, अन्नाला शिवली नाही. ते पाहायला घरात नम्रता सोडून कुणी नव्हतं. मोनिकाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि सांगणार कोण? तर नम्रताच.

नम्रता कप ठेवून गेली.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर मोनिकानं चित्र पाठवलं. पांढरीशुभ्र बोट, वर गाद्यांची बाकं, मागं लालबुंद सूर्य. गेटवेवरून सुटायचं, कुलाब्याला वळसा घालून मरीन ड्राइव्हसमोर सूर्यास्त पाहायचा आणि परत. दादरचं नावही नाही. नम्रताचा नवरा अभय भाडेकरूंच्या पाण्याच्या मोटारीचं कनेक्शन बघून आला होता. त्यानं हात पुसत फोन पाहिला.

“आईला ठावं हाय का ह्ये? ती तर सकाळपास्नं दादर दादर करतीय.”

“सरप्राइज हाय म्हनं त्यांचं. आपन कशाला मधी तोंड घालायचं?”

“आगं पन—”

“तुमी गप ऱ्हावा. उद्या म्हंतील, थोरलीनं सगळा बेत नासवला.”

अभय गप्प राहिला. तो बहुतेक वेळा गप्पच राहायचा. घर शांत राहण्याचं त्याला तेवढं एकच औषध सापडलं होतं. नम्रता भाकरीला बसली. थापताना तिच्या डोळ्यांपुढं मोनिकाचं पडलेलं तोंड येत होतं आणि भाकऱ्या टम्म फुगत होत्या. जावा जावा आणि उभा दावा, असं उगीच म्हणत नाहीत.

आता, नुसतं गप्प बसणं एक वेळ माफ होतं. पण शनिवारी सकाळी केशरबाईनं हाक मारली, “नमे, माजं पांढरं लुगडं काढ. आन मेनबत्त्या?” तेव्हा नम्रतानं लुगडं काढलं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातनं मेणबत्त्यांचा पुडा आणून सासूच्या पिशवीत स्वतःच्या हातानं घातला. वर उदबत्त्या घातल्या. फडक्यात भाकऱ्या बांधल्या. पिशवीला गाठ मारताना बोटं जराशी अडखळली, पण गाठ बसली.

गाडी घेऊन धाकटा दीर अनिकेत आणि मोनिका आले. मोनिकाच्या हातात जांभळी रेशमी साडी.

“आई, ही नेसा. खास तुमच्यासाठी आणलीये.”

“लई झ्याक हाय गं. पन आज कशाला? आज पांढरंच बरं.”

मोनिका क्षणभर हिरमुसली, मग हसली. “पांढरं तर पांढरं. फोटोत उठून दिसाल.”

‘दिसंल, दिसंल,’ नम्रता मनात म्हणाली.

मागच्या सीटवर मधे केशरबाई, एका बाजूला मोनिका, दुसऱ्या बाजूला नम्रता. अनिकेत गाडी चालवत होता, अभय शेजारी. लोणावळ्यापर्यंत मोनिका अखंड बोलत होती. नव्या घराची गॅलरी, खालची बाग, लिफ्ट, बिल्डिंगमधलाच दवाखाना. प्रत्येक वाक्याला ‘आई’. नम्रताला तो शब्द दाताखालच्या खड्यासारखा लागत होता. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूला आत्या म्हणायची रीत होती, ती आत्याच म्हणत राहिली. ही काल आली आणि आई म्हणून मोकळी झाली. आणि म्हातारीही ‘ओ’ देते!

घाट लागला आणि केशरबाईनं डोळे मिटले. गेणबाचा नियमच होता, दादरला जाताना घाट लागला की तोंड बंद, मनात त्रिसरण-पंचशील. ट्रकमधली पोरंसुद्धा गप्प बसायची. केशरबाईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“आईंना गाडी लागली वाटतं,” मोनिका हळूच म्हणाली आणि पर्समधून आवळा-सुपारी काढून सासूच्या हातावर ठेवली. “ताई, नेहमी लागते का हो त्यांना?”

“न्हाई,” नम्रता म्हणाली.

“मग असं काय करतायत?”

“काय म्हाईत.”

आरशातून अभयनं तिच्याकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. एक वाक्य पुरलं असतं. ‘मोनिका, त्या वंदना म्हनत्यात, त्यास्नी वाटतंय दादरला चाललोय.’ वाक्य जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात मोनिकानं केशरबाईच्या कपाळावरची बट मागं सारली. ती बट मागं सारायचं काम नम्रताचं होतं. वाक्य परत गिळलं गेलं.

गेटवेवर ही गर्दी. फुगेवाले, फोटोवाले, कबुतरं. बोटीकडं उतरणाऱ्या पायऱ्या ओल्या होत्या. नम्रतानं सवयीनं सासूचा दंड धरला. केशरबाईनं डोळे किलकिले करून समोरच्या पाण्याकडं पाहिलं आणि तिच्या कानाशी लागून विचारलं, “हितनं पान्यातनं जायचं व्हय गं दादरला? गर्दी लागू नये म्हून?”

ही शेवटची संधी होती आणि नम्रताला ती लख्ख कळली.

“पाय जपून टाका आत्या,” ती म्हणाली. “निसरडं हाय.”

बोट सुटली. वरच्या मजल्यावर ऐसपैस बाकं, हिंदी गाणी दणाणत होती. एक पोरगी मोठ्या टोपीत मान वाकडी करून स्वतःचे फोटो काढत होती, एक जोडपं लग्नाच्या वाढदिवसाचा केक कापत होतं. त्यांच्यात केशरबाई पांढऱ्या लुगड्यात ताठ बसली. बसण्याआधी तिनं चपला काढून बाकाखाली सारल्या. मोनिकानं ते पाहिलं, तिला वाटलं पाय दुखत असतील. ती खाली वाकून गुडघा चोळायला लागली.

“ऱ्हाऊ दे गं,” केशरबाई म्हणाली, पण पाय मागं घेतला नाही.

बोट कुलाब्याच्या टोकाला वळली तशी वाऱ्याची धार बदलली. उघडा समुद्र लागला. उंच उंच इमारती एकामागून एक सरकायला लागल्या आणि त्यांच्या काचांत ऊन पेटलं. दिसायला सुंदरच होतं ते. नम्रतानंही कबूल केलं असतं, बोट दुसऱ्या कुणी दाखवली असती तर.

अनिकेतनं घसा खाकरला. घरात काही मागायचं असलं की तो लहानपणापासून असाच घसा खाकरायचा. “आई, एक बोलायचंय. आता तू भूगावला चल. आमच्याकडं. माणला त्या जिन्यानं तुझा गुडघा परत बिघडंल.”

“तुमची खोली तयार आहे आई,” मोनिका म्हणाली. “खिडकीतून डोंगर दिसतो. तुम्ही हो म्हणा फक्त.”

म्हणजे हे असं होतं तर! बोट, साडी, आवळा-सुपारी, सगळं यासाठी. घराघरांत भाऊ भांडतात ते म्हातारी तुझ्याकडं का माझ्याकडं म्हणून, एकमेकांच्या गळ्यात घालायला. इथं उलटंच. आणि म्हातारी गेली तर माणच्या त्या घरात उरणार काय? गप्प बसणारा अभय आणि भाडेकरूंची ये-जा. सकाळी उठून कुणासाठी चहा टाकायचा?

“आत्यास्नी माणशिवाय करमायचं न्हाई,” ती म्हणाली.

“वहिनी, आईला विचारलंय,” अनिकेत म्हणाला.

“मी काय परकी हाय व्हय?”

“आसं कुठं म्हणलो?”

केशरबाईनं हात वर केला. “आदी दर्शन हुंदे. मंग बोलू.”

“होईल की!” मोनिकानं टाळी वाजवली. “आता अर्ध्या तासात सूर्यास्त. एकदम समोर.”

केशरबाईनं तिच्याकडं जराशा नवलानं पाहिलं आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली.

मरीन ड्राइव्हसमोर बोट थांबल्यागत झाली. सूर्य पाण्याला टेकला, सगळ्यांचे फोन वर झाले, कुणी शिट्टी मारली. सूर्य बुडाला तशा टाळ्या पडल्या. आणि बोट वळली. इमारती आता उलट्या दिशेनं सरकायला लागल्या.

केशरबाई उठून उभी राहिली. तिनं पिशवीची गाठ सोडून मेणबत्त्यांचा पुडा बाहेर काढला होता, उदबत्त्या काढल्या होत्या. डोईवरचा पदर नीट केला होता.

“आरं, ही माघारी का वळली?” तिचा आवाज गाण्याच्या वर गेला. “आनिकेत, दादर कवा येतंय?”

टोपीवाली पोरगी फिस्सकन हसली. केकवाल्यांतला एकजण म्हणाला, “मावशी, दादरला लोकल जाते. बोट नाही!” त्यावर त्याचे सोबती हसले. बोटीवरचा माणूस लगबगीनं आला, “आजी, इथं काही पेटवायचं नाही हं, आत ठेवा ते.” तो साधंच बोलला, पण सगळे वळून बघायला लागले.

मोनिकाचं तोंड पांढरं पडलं. पांढरं लुगडं, मिटलेले डोळे, काढून ठेवलेल्या चपला, एकेक तिच्या ध्यानात येत गेलं. “आई... तुम्हाला वाटलं आपण चैत्यभूमीला...”

हेच ते तोंड. आठवडाभर नम्रतानं ज्याची वाट पाहिली ते. ते तिनं पाहिलं, आणि तिला गोडही लागलं, खोटं कशाला बोला. पण शेजारी आणखी एक तोंड होतं, त्याचा हिशोब तिनं धरलाच नव्हता. केशरबाई मेणबत्त्या पदराखाली लपवत होती. चोरी पकडल्यासारखी. गावच्या पाणवठ्यावर जुन्या काळी कुणी हटकलं तरी जी बाई मान खाली घालत नसे असं गेणबा सांगायचे, ती बाई टोपीवाल्या पोरीपुढं मान घालून बसली.

“आई, तुला दादर कुणी सांगितलं?” अनिकेत चिडून म्हणाला.

“कुनी न्हाई रं. माजंच चुकलं. म्हातारी झाले.”

मोनिका तिच्या पायाशी बसली आणि रडायलाच लागली. “तुमचं नाही, माझं चुकलं. मला सुचायला हवं होतं. आई, उतरलो की लगेच दादरला जाऊ. आत्ताच्या आत्ता.”

“तुजं काय चुकलं? तू चांगलंच कराय गेलीस.” केशरबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नम्रताकडं पाहिलं. “आनिकेत, हिला जरा पानी पाज. आभय, तूबी जा. मला नमीसंगं बोलायचंय.”

तिघं कठड्याशी गेले. गाणी चालूच होती.

“मेनबत्त्या कुनी भरल्या?”

“मी.”

“म्हंजी तुला ठावं व्हतं, मला काय वाटतंय त्ये.”

“व्हय.”

“आन ही बोट कुटं चाललीय, त्येबी.”

नम्रतानं मान हलवली.

“तिचं हसं कराय निगालीस नमे,” केशरबाई म्हणाली, “झालं माजं.”

नम्रताच्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं. “मंग काय करू मी? तिनं यायचं, आई आई करायचं, बोटीत बशिवायचं आन घिऊन जायचं. आपरेशनच्या टायमाला तुमचं हगनंमुतनं कुनी काढलं? रातरात पाय कुनी चेपलं? तवा कुटं व्हती ही? मला न्हाई बघवत तिचा हात तुमच्या अंगाला लागल्याला. न्हाई बघवत, काय करू!”

“काढलंस. चेपलंस. इसरले न्हाई मी.” केशरबाईचा आवाज चढला नाही. “पन आपरेशनच्या टायमाला ही चार दिस ऱ्हाते म्हनली व्हती. तू तिला दारातनं माघारी लावलीस, डागतरनी गर्दी नगं म्हनलंय म्हून. मी आतनं ऐकलं. शेजारची कुनी बसाय आली तर तू भांडी आपटतीस, त्येबी ऐकते. आनिकेत आला तर तू मधी येऊन बसतीस. तुजी माया लई हाय गं. पन ती दाराला कडी लावून बसती. मला आत कोंडल्यागत हुतं.”

नम्रताला वाटलं, कुणीतरी पाठीत धपका घातला. राग असता तर परवडला असता, पण हा राग नव्हता.

“मी भूगावला जाते,” केशरबाई म्हणाली.

“कायमच्या?”

“जवर हिकडं यावंसं वाटत न्हाई तवर.”

“मला शिक्षा करताय.”

“न्हाई. मला जायाचंच हाय. त्या पोरीलाबी सासू हाय की एक.” तिनं अनिकेतला हाक मारली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, “खोली तयार ठिवा म्हनावं. येते मी.”

मोनिकानं डोळे पुसले. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर असता तर नम्रताला भांडायला काहीतरी मिळालं असतं. ती नुसती म्हणाली, “ताई, तुम्हीपण येत जा रोज.”

उतरल्यावर गाडी खरंच दादरला गेली. एरवी तासन्‌तास रांगेत काढायचे, आज सहा डिसेंबर नव्हता, तिथं तुरळक माणसं होती. दोन्ही मुलगे केशरबाईला दोन बाजूंनी धरून आत घेऊन गेले. चपलांपाशी जावा राहिल्या. पलीकडं अंधारात समुद्र नुसता ऐकू येत होता.

नम्रताच सुरू झाली, समोर बघत, खडसावल्यासारखी.

“सकाळी त्यास्नी कोरा चा लागतो. गुळाचा. दूध घातलंस तर पेत्यात, पन दिवसभर पोट धरून बसत्यात, सांगत न्हाईत. गुडघ्याला तेल डागतर न्हाई म्हनतो, पन रातचं थोडं लावायचं, नुसतं बरं वाटाय. भात मऊ. वांगं आवडतं, पन खाजतं. वंदनेच्या टायमाला टीव्ही बंद.”

“हो.” मोनिका कान देऊन ऐकत होती. “आणखी?”

“आंघोळीला पाटावर बसत्यात. शॉवर-बिवर दाखवू नगंस.”

“ताई, रागात सांगताय का हे?”

“रागातच.”

“सांगा तरी. मला काहीच माहीत नाही.”

ते ऐकायला बरं वाटलं. हिला काहीच माहीत नाही! आणि अजून एक गोष्ट होती, सगळ्यात आतली, जी अभयलासुद्धा ठाऊक नव्हती. ती नम्रतानं राखून ठेवली. तेवढं एक आपल्यापाशी राहू दे. बाकी सगळं ने बाई, पण तेवढं राहू दे. हिला ते कळणार नाही, म्हातारीला तिथं झोप लागणार नाही, आणि चार दिवसांत ती म्हणेल, मला माणला सोडा.

आतून केशरबाई बाहेर येताना दिसली. दोन्ही मुलांच्या मधे, सावकाश, एकेक पायरी. बोटीवर खाली गेलेली मान आता वर होती. दमलेली होती, पण तिच्या तोंडावर असं काही होतं की नम्रतानं कितीतरी महिन्यांत ते पाहिलं नव्हतं. घरात दिवस-रात्र जवळ असून पाहिलं नव्हतं.

“मोनिका,” नम्रता घाईघाईनं म्हणाली, ती माणसं जवळ यायच्या आत. “रातच्याला त्या एकदा हाक मारत्यात. झोपंतच. सासरं गेल्यापास्नं. काय पायजे नसतं त्यास्नी. उठायचं न्हाई, दिवा लावायचा न्हाई, नुसती ओ द्यायची. ओ मिळाली की परत झोप लागती. न्हाई मिळाली तर सकाळपातुर टक्क जाग्या.”

“बरं,” मोनिका म्हणाली. “मी शेजारच्याच खोलीत असेन. माझ्या नावानं मारतील ना पण?”

नम्रतानं सासूच्या चपला पायापाशी सरळ करून ठेवल्या. मग उठून उभी राहिली.

“न्हाई. ‘नमे’ म्हून मारत्यात,” ती म्हणाली. “तितंबी तशीच मारतील. तू ओ देत जा.”